पिराजीनं सांगितलेली अमरसिंहाची वर्तणूक

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी आधी पिराजीचा आवाज यायचा, मग त्याची म्हैस. म्हैस अजून बोळाच्या तोंडाशी रेंगाळत असायची आणि आवाज मात्र कट्ट्यावर पोचून, बूड टेकून गिऱ्हाइकांची विचारपूस करायला लागलेला असायचा.

"काय पावणं, कुठलं गाव? मलकापूर? मग संपलंच की. मलकापूरच्या मानसाचा नाद करायचा न्हाय."

कागलचा माणूस आला की कागलचा नाद करायचा नाही, आणि चुकून कुणी पुण्याचा आला तर, "पुन्याचं असून बी दूध पितासा, म्हंजे मानूस दमाचा हाय." पिराजीच्या बोलण्यावर विसंबलं तर नाद करता येईल असं गावच नकाशात उरलं नव्हतं.

कट्ट्याची रीत उघडी. म्हैस समोर उभी करायची, धार समोर काढायची आणि फेसाळलेला पेला तसाच कोमट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. पाणी घातलंय का म्हणून विचारायला जागाच नाही. पिराजीनं उभ्या जन्मात दुधात थेंबभर पाणी घातलं नाही. बोलण्यात मात्र घालायचा, आणि ते पाणी आहे असं त्याला कधी वाटलंच नाही. त्याला ती साय वाटायची.

मूळचा तो कोडोलीचा. पैलवान व्हायचं म्हणून कोल्हापूरच्या तालमीत येऊन राहिला आणि पहिल्याच मोठ्या मैदानात खांदा निखळवून बसला. खांदा पुन्हा जागेवर बसला, पण रुसल्यासारखा. हात डोक्याच्या वर जाईना. बापानं गावाकडून म्हैस धाडली, पोराला दूध मिळावं म्हणून. प्यायचं राहिलं आणि विकायचं सुरू झालं. लग्नही असंच कुठंतरी राहून गेलं. पण तेव्हापासून जो भेटेल तो त्याच्या तोंडी पैलवान झाला. पोस्टमन ढाण्या, न्हावी बिजली, आणि गल्लीतला वाकलेला शिंपी म्हणजे जुन्या वळणाचा मल्ल. 'साधा' हा शब्द त्याच्या लेखी शिवीच्या मांडीला मांडी लावून बसलेला. "पोरगी दिली, जावई साधा हाय," असं कुणी समाधानानं सांगितलं तर पिराजी त्याच्या पाठीवर हात ठेवायचा, "असूं दे. सुधारंल."

शेजारच्या बाळाबाईचा एकुलता मुलगा अमरसिंह हा असाच साधा. सिंह काय तो नावात. भिंतीवर पाल दिसली तर वाट सोडून जाणारा, आणि रस्त्यावर कुणाशी हुज्जत झाली तर समोरच्याचं चुकलेलं असूनही "राहू द्या" म्हणणारा. बाप लहानपणीच गेला. पोरगं पिराजीच्या गोठ्यात वाढलं, म्हशीच्या पाठीवर झोपलं, तिथनंच शाळेत गेलं, पुढं आयटीआय करून वेल्डर झालं. पिराजीला पोटचं कुणी नव्हतं. 'हा माझ्या पोरासारखा' असं चारचौघांत म्हणायला जीभ वळायची नाही, म्हणून तो त्याला वाघ म्हणायचा.

सन दोन हजार चारमध्ये ह्या वाघाला कुवेतच्या एका कंपनीत काम लागलं. मुंबईच्या एजंटानं वेल्डिंगची परीक्षा घेतली, डॉक्टरची तपासणी झाली. राहिला पोलिसांचा दाखला, की हा माणूस गुन्हेगार नाही. एजंट फोनवर त्याला पीसीसी म्हणायचा, अमरसिंह क्लिअरन्स म्हणायचा आणि बाळाबाई किलेरन. "किलेरन आलं की पोरगं चाललं बघा," असं ती नळावर, पिठाच्या गिरणीत आणि एकदा तर चुकून एका मयताला गेलेली असतानाही सांगून आली होती. अर्ज झाला होता. आता चौकीचा माणूस येणार, शेजाऱ्यांना मुलाची वर्तणूक विचारणार आणि तसा अहवाल वर पाठवणार. तुकडी दिवाळीच्या तोंडावर निघणार होती. तोवर दाखला आला नाही तर जागा दुसऱ्याची.

चौकीचा माणूस आला तो हवालदार वानखडे. बायकोची नोकरी इथली म्हणून अमरावतीकडून बदली मागून आलेला. कोल्हापूरचं पाणी त्याला मानवलं होतं, तिखट मानवलं होतं, बोलणं तेवढं अजून मानवायचं होतं. आधी तो पिराजीच्या गल्लीत जाऊन सोमशेखर वाण्याच्या दुकानात स्टुलावर बसला. मग विचारत विचारत कट्ट्यावर आला.

"बाबा, एका पोराबद्दल इचारायचं हाये जी. अमरसिंह चौगुले. वळखता काय त्याले?"

"वळखता? ह्या हातानं दूध पाजून वाढवलाय. बसा की. आधी पेला घ्या."

"ड्युटीवर हावो मी."

"म्हशीला काय कळतंय त्यातलं. घ्या."

वानखड्यानं पेला घेतला. "सांगा, कसा हाये पोरगा?"

"वाघ."

वानखड्याचा पेन कागदावर थांबला. "म्हंजे?"

"म्हंजे काय? वाघ हाय वाघ."

"नाई, भांडखोर गिंडखोर हाये काय?"

इथं कुणीही शहाणा माणूस 'नाही' म्हणाला असता. पिराजीनं क्षणभर विचार केला, आणि तोच विचार नडला. कंपनी परमुलखातली. काम लोखंडाचं. एवढ्या लांबून पोलीस धाडून ते पोरगा कसा म्हणून विचारतात, ते काय गायीच्या गुणाचा आहे का हे बघायला? तिथं शेळपट धाडून कसं चालेल? पोराचं सगळं आपल्या ह्या दोन शब्दांवर आहे असं त्याला वाटलं, आणि ते खरंच होतं.

"आपनहून कुनाच्या वाटंला जायचा न्हाय," तो म्हणाला. "पर वाटंला गेला त्याला सोडत न्हाय. नव्व्याण्णव सालच्या इसर्जनाला बघायला पायजे हुतासा. दोन मंडळांची जुंपलीती. ह्यानं एकट्यानं चौघं लोळवलीत. एकाला तर अजून मांडी घालून जेवाय येत न्हाय."

"तुमी पाह्यलं?"

"ह्या डोळ्यांनी."

"पोलिसात गेलं होतं काय प्रकरण?"

"गेलतं की. पर ह्याला धरायला कुनाची छाती हाय?"

कट्ट्यावरच्या दोघातिघांनी मान डोलावली. कोल्हापुरात अशा जागी मान डोलावण्याचा अर्थ 'चालू दे' एवढाच असतो, पण हे अमरावतीच्या माणसाला कोण सांगणार? त्याला तिथं साक्षीदार दिसले. त्यानं सगळं टिपून घेतलं, मिशीवरचा फेस पुसला, "दूध मस्त हाये बाप्पा" म्हणाला आणि गेला.

पिराजीनं म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "अनंते, पोरगं पोचलं बघ कुवेतला."

पुढच्या आठवड्यात अमरसिंहाला चौकीवर बोलावलं. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा पिराजी गोठ्यात अनंतीच्या खाली बसून घरगुती रतिबाची धार काढत होता. मधली भिंत अर्धीच. पलीकडं अमरसिंह हळू आवाजात काहीतरी सांगत होता, आणि मग बाळाबाईचा आवाज वर चढला.

"मारामारी? तू? आरं, कोंबडी कापाय लागली तर तू आत जाऊन दार लावून घेतोस."

मग तुकडेतुकडे ऐकू आले. नव्व्याण्णवच्या विसर्जनातली मारामारी. एकाचं मांडीचं हाड मोडलेलं. पाच जणांवर खटला, अजून तारखा चालू. सहावा एक सापडला नव्हता, तो अनोळखी इसम म्हणून तसाच राहिलेला. आता चौकशीत गल्लीतूनच नाव पुढं आलंय, छडा लागेपर्यंत दाखला नाही.

पिराजीच्या हातात धार होती. चरवी भरून वाहिली, दूध पायावरून गेलं, तरी हात चालूच राहिले.

बाळाबाई रस्त्यावर आली होती. समोर सोमशेखरचं दुकान. गेल्या उन्हाळ्यात अमरसिंहानं दारात गेट वेल्ड करताना ठिणग्या उडून दुकानाच्या नव्या ताडपत्रीला भोकं पडली होती आणि त्यावरून दोन घरांत चार शब्द झाले होते. बाळाबाईला तेवढं पुरेसं होतं.

"कापडाला भोकं पडली म्हनून माझ्या लेकाच्या नशिबाला भोक पाडलंसा व्हय वो? मी बघितलंय माझ्या डोळ्यानं. हवालदार स्टुलावर, आनि तुमी लवून लवून सांगायलासा."

"आक्का, मी चांगलंच सांगितलोय," सोमशेखर तराजू हातात धरूनच म्हणाला. त्याचं आजोळ सीमेपलीकडचं, रागावला की त्याचं मराठी कानडीच्या चालीवर चालायचं. "शपथ घेतो. पोरगा मऊ हाय म्हटलो."

"तुमी चांगलं सांगितलासा, तर वाईट कुनी सांगितलं? माझ्या मांजरानं?"

आतून त्याची बायको रत्नव्वा म्हणाली, "सुम्न कुंद्री." गप बसा. तो गप बसला. गल्लीनं ते गप बसणं बघितलं आणि आपला अर्थ लावून घेतला.

बाळाबाई गोठ्याकडं वळली. "भावजी, तुमीच सांगा. आपल्या गल्लीत असलं कोन सांगंल?"

पिराजी दारात उभा होता, पायांवर दूध. सांगायचं होतं. घसा साफ केला. ज्या आवाजाला बोळ पुरत नव्हता तो आवाज कुठं गेला कुणास ठाऊक.

"मानसाचं काय सांगावं, वैनी," तो म्हणाला.

हवालदारापुढं तो जे बोलला ती चूक होती. हे मात्र चुकून झालेलं नव्हतं, हे त्याला बोलता बोलताच कळलं. ते वाक्य त्याच्या तोंडातून निघालं आणि नीट चालत जाऊन सोमशेखरच्या दुकानाच्या पायरीवर बसलं.

बाळाबाई आता साखर आणायला चार गल्ल्या ओलांडून जाऊ लागली. जाताना मोकळी पिशवी मुद्दाम दुकानापुढून हलवत न्यायची, येताना भरलेली. आणखी दोन बायका तिच्या मागं लागल्या. रत्नव्वानं नवरात्रात होळगीचं, म्हणजे पुरणपोळीचं, ताट धाडलं, ते तसंच झाकलेलं परत आलं. दसऱ्याला गल्ली रीतीप्रमाणं आपट्याची पानं वाटत फिरली. सोमशेखर धुतलेलं धोतर नेसून बाळाबाईच्या दारात गेला, पानं पुढं केली, "आक्का, सोनं घ्या." बाळाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि आत गेली.

तो तसाच वळून पिराजीकडं आला. वाकून पाया पडला, कारण पिराजी वयानं मोठा. "तुमी तरी घ्या, मामा."

पिराजीनं घेतलं. घरात नेऊन देवापुढं ठेवायला गेला तर हात थांबला. शेवटी त्यानं ती पानं गोठ्यातल्या खुंटीवरच्या पाटीत टाकली. तिथं अनंती आणि तो, दोघंही बघतील अशी.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर अनंतीनं पान्हा चोरला. म्हैस जात मोठी खोडीची, धार काढणाऱ्याचा जीव ठिकाणावर नसला की तिला आधी कळतं. पिराजीनं सड चोळले, पेंड पुढं केली, तिच्या आईची शपथ घातली. पेल्याच्या तळाशी चार धारा. गिऱ्हाइकं तिष्ठत.

"काय पिराजी, म्हैस रुसली काय?"

"हूं."

"आनि तू बी? सकाळधरनं एकाला वाघ म्हटला न्हाईस."

तेवढ्यात अमरसिंह आला. तो तिच्या मानेशी उभा राहिला, शिंगामागं खाजवलं, कानाशी जीभ वाजवली. अनंतीनं पान्हा सोडला. दूध असं आलं की पिराजीला पेला बदलायला उसंत मिळेना, आणि त्याला वर बघायचं धाडसही होईना.

"काका," अमरसिंह वरून म्हणाला, "एक काम हुतं."

"बोल."

"त्या इसर्जनाच्या दिवशी मी तुमच्या गोठ्यात हुतो न्हवं? हे पोलिसांना सांगायला कुनीतरी लागतंय. हवालदार म्हणाले, साक्षीदार आन. आईला घेत न्हाईत, ती घरची. तुमी याल?"

पिराजीच्या हातातली धार पेल्याबाहेर गेली. "येतो की," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

चौकीपर्यंत दोघं चालत गेले. वाटेत सांगून टाकावं असं पिराजीनं ठरवलं. रंकाळ्याच्या वळणावर सांगायचं ठरवलं, मग चहाच्या टपरीपाशी, मग चौकीच्या फाटकात. फाटक आलं आणि गेलं.

वानखड्यानं टेबलावरून मान वर केली आणि त्याचा चेहरा ओळखीनं फुलला. "या बाबा. काय रे चौगुले, साक्षीदार म्हणून यायलेच आणलं काय तू? यायनंच त सांगतलं मले."

अमरसिंहाला आधी समजलं नाही. त्यानं हवालदाराकडं बघितलं, मग पिराजीकडं. पिराजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता, आणि कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं.

"मीच सांगितलं, अमरशा," तो म्हणाला.

शेजारच्या टेबलावरचा शिपाई लिहायचा थांबला.

"काऊन सांगतलं असं?" वानखड्यानं विचारलं.

"तुमी विचारलासा, पोरगा कसा. मला वाटलं, परमुलखात चाललाय. तिथं कळू दे, कुठल्या गावचा हाय."

"आमच्याकडं पोराले मोठं करायचं असलं तर शिकेल हाये म्हणतेत. मारामाऱ्या नाई सांगत. अन् आता म्हणता, नव्हता. मंग तवा खोटं बोलले का आता बोलून राहिले?"

"तवा."

"कशावरनं?"

पिराजीनं तोंडावरून हात फिरवला. आता जे सांगायचं होतं ते त्यानं पाच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला ते मोठ्यानं सांगता येईना, आणि हळू बोलायची सवय नव्हती. आवाज वर-खाली होत राहिला.

"त्या दिवशी माझी म्हैस अडली. चंद्री. रेडकाचा पाय आत दुमडलेला. डॉक्टरला आनायला गेलो तर मिरवणुकीनं सगळ्या वाटा बंद. माझा खांदा असला. हात आत घालायचा म्हंजे मला जमायचंच न्हाय. हा मंडळाची टोपी घालून मिरवणुकीला निघालता, हाक मारली म्हनून आला. टोपी काढून ठिवली, कोपराच्या वर तेल लावलं. रडत हुता. रडत रडत त्यानं तो पाय सरळ केला. तिकडं मारामारी झाली तवा ह्याचा हात म्हशीच्या पोटात हुता, साहेब. रेडकू भुईवर आलं, श्वास घेईना. ह्यानं नाकात काडी घालून त्याला शिंकायला लावलं. तीच अनंती. अनंत चतुर्दशीची म्हनून अनंती. तिचंच दूध प्यालासा तुमी."

शिपाई हसू दाबत होता. वानखडे हसला नाही.

"मंग हे सांगायचं सोडून तुमी ते काऊन सांगतलं?"

"कट्ट्यावर लोक विचाराय लागली, रेडकू कुनी काढलं. मी म्हटलं, मी काढलं. तालमीत ऱ्हायलेला मानूस मी. माझ्या हातानं जमलं न्हाय असं कसं सांगू? मग विचारलं, हा कुठं हुता? तवा ह्याला मारामारी दिली." तो अमरसिंहाकडं वळला. "मला वाटलं, ह्यात त्याचा फायदा हाय."

अमरसिंह खाली बघत होता. "मला वाटायचं तुमी गंमत करताय, काका," तो म्हणाला, इतक्या मऊपणानं की पिराजीला तिथंच कुणी कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं.

वानखड्यानं पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "तो दुकानदार बी असंच काई म्हशीचं सांगून राहिला होता. तेल नेलं, गरम पाणी नेलं. मी म्हटलं, काई तरी झाकून राहिला हा. पोराचं इचारलं त म्हशीचं बाळंतपण काढते." त्यानं उसासा टाकला. "त्याले घेऊन या. दोघं मिळून नवीन जबाब द्या, मी साहेबाले सांगतो. पण बाबा, लवकर आणा. अन् याच्यापुढं कोणी इचारलं, पोरगा कसा, त दुसऱ्याले सांगू द्या."

गल्लीत परत येताना अमरसिंह दोन पावलं पुढं चालत होता. घरात न जाता तो गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा राहिला. सोमशेखर दुकानात, रत्नव्वा उंबऱ्यावर तांदूळ निवडत, बाळाबाई दारात. पिराजी मध्ये उभा राहिला. आवाज काढायची वेळ आली होती आणि त्यानं तो काढला, कट्ट्यावरचा, बोळाच्या टोकापर्यंत जाणारा.

"वैनी, हवालदाराला ते मी सांगितलं. सोमशेखरनं न्हाय. मी. पोरगं मारामारीत हुतं म्हनून खोटं सांगितलं. चंद्रीचं रेडकू बी मी न्हाय काढलं, ह्यानं काढलं. सोमशेखरनं तेल दिलतं. त्यानं खरं तेच सांगितलं हवालदाराला."

वरच्या माडीवरची खिडकी उघडली. गिरणी चालू होती ती कुणीतरी बंद केली.

तो दुकानाच्या पायरीपाशी गेला. "सोमशेखर, चौकीवर यायला लागतंय."

सोमशेखरनं सावकाश मापातली डाळ पिशवीत ओतली. "इतकं दिवस, मामा," तो म्हणाला. "दसऱ्याला तुमच्या पाया पडलो मी."

"व्हय."

"त्या दिवशी तरी."

"व्हय," पिराजी म्हणाला.

सोमशेखरनं गल्ल्याला कुलूप लावलं, पायात चप्पल सरकवली आणि पुढं चालू लागला. रत्नव्वा ह्या वेळी सुम्न कुंद्री म्हणाली नाही.

पिराजीला वाटलं होतं बाळाबाई तोंड सोडेल. सोडावं, अशी त्याची फार इच्छा होती. तिच्या शिव्यांचं त्याला भय नव्हतं, तालमीत त्याहून मोठ्या खाल्ल्या होत्या. पण तिनं दार लोटून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात गेली, "अर्धा किलो साखर द्या" म्हणाली. सोमशेखरनं तोलून दिली आणि वर मूठभर टाकली. पिराजीच्या दारावरून जाताना मात्र तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला, जसा परक्या माणसासमोर ओढतात. भावजी हा शब्द त्यानंतर तिनं उच्चारला नाही.

दाखला आला. पण कागद कागदाच्या चालीनं चालतो. चौकीवरून वर, वरून पुण्याच्या पासपोर्ट कचेरीत, आणि पुण्याहून परत येईतो दिवाळी होऊन गेली होती आणि तुकडीही. एजंट फोनवर म्हणाला, वेल्डरची जागा भरली, पुढच्या तुकडीत हेल्पर म्हणून घेतो, चालत असेल तर सांग. अमरसिंह "राहू द्या, चालंल" म्हणाला. जायच्या दिवशी तो गोठ्यात आला, अनंतीच्या शिंगामागं खाजवलं, पिराजीच्या पाया पडला. पिराजीला खूप काही बोलायचं होतं. तोंडात आलेला पहिला शब्द वाघ होता, म्हणून त्यानं तोंडच उघडलं नाही.

बाळाबाईकडं फोन नव्हता. कुवेतचा फोन सोमशेखरच्या दुकानात यायचा, आणि ती पदर सावरत धावायची. पोरगं सामान उचलतंय, ऊन फार आहे, वेल्डिंगला अजून हात लावू देत नाहीत, हे पिराजीला अर्ध्या भिंतीवरून ऐकू यायचं. हात चालवत तो ऐकत राहायचा. दर वेळी चरवी भरून वाहायची.

कट्ट्यावर आता आधी म्हैस येते, मग पिराजी. एखादं जुनं गिऱ्हाईक अजून विचारतं, "पिराजी, तुझा तो वाघ कुठं असतोय?"

"अमरसिंह चौगुले," पिराजी म्हणतो. "वेल्डर हाय. कुवेतला असतोय."

"आनि?"

"साधा हाय."

गिऱ्हाईक त्याच्या तोंडाकडं बघत राहतं. बरं नाही काय ह्याला?

एकदा फोन ठेवल्यावर सोमशेखर दुकानाबाहेर आला आणि रस्त्यापलीकडून म्हणाला, "मामा, पोरगा विचारत हुता. अनंती कशी हाय म्हणून."

पिराजीनं मागं वळून बघितलं. अनंती गव्हाणीत तोंड घालून उभी होती, काळीभोर, शिंगं वळलेली. सबंध जिल्ह्यात अशी म्हैस नाही, राजाच्या पागेत शोभली असती, नाद करायचा नाही. सगळं त्याच्या जिभेवर आलं.

"बरी हाय म्हनावं," तो म्हणाला. "दूध देती."